धाकट्याचं विमान

माझ्या नाकावर राग असतो, असं सगळे म्हणतात. म्हणू देत. विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या ऑफिसात माझ्याइतकी वर्षं काउंटरवर बसून दाखवा, मग बोला. एक जण विचारतो, मधे तीन तास थांबायचंय तर तेवढ्यात ते शहर बघून होईल का. दुसरीला विमानाची खिडकी उघडी हवी असते, कोंडल्यासारखं होतं म्हणे. तिसऱ्याचं विमान सुटून गेलेलं असतं आणि तो मलाच सांगतो, एक फोन करून थांबवा की. अशा लोकांत दिवस काढूनही ज्याचा आवाज चढत नाही, त्याला माझा दंडवत.

पण या कामामुळे घरात माझा एक शब्द चालतो. कुठला विमानतळ कुठून किती लांब आणि पोचायला किती वेळ, हे मी सांगितलं की विषय संपला. त्यावर कुणी वर तोंड करून बोलत नाही.

धाकटा भाऊ नोकरीला परदेशी गेला, त्या दिवशी त्याला सोडून आम्ही घरी आलो. आईनं चपला काढता काढता पहिलं हेच विचारलं. "किती लांब आहे गं ते?"

"तेरा हजार किलोमीटर," मी म्हटलं. "थेट विमान नाही, मधे बदलायचं. बावीस तास धरून चाल."

आईनं ते पाठच करून टाकलं. भाजीवाली असो, दाताचा डॉक्टर असो, चुकून फोन लागलेला कुणी अनोळखी असो, आई त्याला ऐकवणार, "माझा मुलगा तेरा हजार किलोमीटरवर असतो." जसं काही स्वतः टेप धरून मोजून आली होती. एकदा भांडी पुसताना मला म्हणाली, "विमान तासाला किती जातं?" मी म्हटलं, नऊशे. तिनं ओठ हलवले, बोटांवर काहीतरी धरलं आणि म्हणाली, "मग पंधरा तासांत यायला हवा की." मी सांगितलं की मधे विमान बदलायला थांबतात. "तेवढ्याला सात तास?" "हो आई, तेवढ्याला सात तास." तिला ते पटलं नाही. आईचं गणित पहिल्यापासून चांगलं.

स्वयंपाकघरात तिनं दोन घड्याळं लावली. एक आपलं, एक धाकट्याचं. त्याच्या घड्याळात रात्र झाली की ती भरदुपारी मिक्सर लावायची नाही. बोलायचीसुद्धा हळू. म्हणायची, सोन्या झोपला असेल. मी कपाळाला हात लावायची.

तो आठवड्याला व्हिडिओ कॉल करायचा. फोन तोंडाजवळ धरलेला, जाड कोटाची तेवढी कॉलर दिसायची, डोक्याला कानटोपी, मागे पांढरी भिंत आणि पांढरे दिवे, आणि बोलताना तोंडातून वाफ. "बघा, वाफ बघा," म्हणत आई शेजारच्या काकूंना हाताला धरून आणायची. "काय थंडी असेल हो तिकडे." त्याच्या मागे सारखी घरघर चालू असायची. मी विचारलं तर म्हणाला, हीटर आहे. मी म्हटलं, एवढा हीटर चालू आणि तोंडातून वाफ कशी रे? म्हणाला, "ताई, इकडची थंडीच तशी." मी तिकिटं विकते, हीटर विकत नाही, म्हणून मीही पुढे बोलले नाही.

दोन वर्षांतून एकदा आठवडाभर यायचा. तिकीट मात्र माझ्याकडून कधी काढलं नाही. कंपनी काढते म्हणायचा. घरात अख्खं तिकीट ऑफिस बसलेलं असताना याचं तिकीट कुणी परक्यानं काढावं, याचा मला राग यायचा. पण तो मी गिळायची, कारण त्याच्या विमानासारखं वक्तशीर विमान मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. "आत बसतोय, आता फोन बंद," असं सांगून तो फोन ठेवायचा आणि बावीस तास, वर टॅक्सीचा एक तास झाला की दारात हजर. धुकं असो, संप असो. माझ्या गिऱ्हाइकांची विमानं रखडायची, लोक मला शिव्या घालायचे, आणि हा आपला घड्याळाबरहुकूम. ऑफिसात मी कौतुकानं सांगायची, माझ्या भावाचं विमान कधी उशिरा येत नाही.

ते बावीस तास आई घराबाहेर पाऊल टाकायची नाही. थोड्या थोड्या वेळानं मला विचारायची, "आता कुठे असेल?" मी सांगायची, समुद्रावर. "आता?" आता विमान बदलत असेल. "आता?" आता आपल्याकडे तोंड केलंय. सांगताना मलाही बरं वाटायचं.

एकदा आम्ही दोघी त्याला न सांगता विमानतळावर गेलो. प्रवासी बाहेर येतात त्या दारावर डोळे लावून उभ्या राहिलो, आणि हा मागून आला. आईच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती दचकलीच. म्हणाला, दुसऱ्या दारानं आलो. डोळे लाल, दाढी वाढलेली, चेहरा पार उतरलेला. एवढ्या लांबून आलेलं माझं लेकरू, म्हणून आई तिथेच हसायला आणि रडायला लागली.

आणि बाबा गेले तेव्हाही तो बावीस तासांनीच आला. त्या दिवशी मी त्याला सकाळी फोन केला होता. बाबा दुपारभर दाराकडे बघत होते. त्यांना बोलवत नव्हतं, पण भुवई उडवून विचारायचे, कुठवर आला? मी त्यांच्या कानाशी वाकून सांगायची, समुद्रावर आहे बाबा, निम्मं झालं, येतोच आहे. बाबा संध्याकाळी गेले. दुसऱ्या दिवशी सगळं उरकल्यावर तो आला आणि उंबऱ्यावरच खाली बसला. आत येईना. मीच त्याची समजूत घातली. म्हटलं, तेरा हजार किलोमीटर आहे रे, तू तरी काय करणार.

हे सगळं आधी सांगून ठेवलं, कारण हे कळल्याशिवाय त्या दिवशी माझं काय झालं ते कळायचं नाही.

त्या सकाळी आई केस विंचरत होती. मधेच कंगवा खाली पडला. पाठीत कुणीतरी करवत फिरवतंय, असं म्हणाली आणि भिंतीला धरून बसली. काकूंनी आणि मी तिला गाडीत घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे तपासण्या झाल्या आणि एक सर्जन बाई आईच्या खोलीत आल्या. वयानं माझ्याहून लहान, पण बोलणं एक घाव दोन तुकडे.

"हृदयातून निघते ती मोठी नळी आतून फाटायला लागलीय. आज संध्याकाळच्या आत उघडून शिवायला हवी. जमेल का, याची खात्री देत नाही. पण थांबलो तर ती फुटणार, आणि मग कुणाच्याच हातात काही राहणार नाही."

"करा," मी म्हटलं. "सही कुठे करू?"

"मी नाही जाणार," आई खाटेवरून म्हणाली.

आम्ही तिघी तिच्याकडे वळलो. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचाच होता. "सोन्याला बघितल्याशिवाय मी आत जाणार नाही. यांचं झालं तसं माझं नको."

"आई, अगं तो उद्या सकाळशिवाय येऊ शकत नाही. तुला माहितीये ना किती लांब आहे."

"मला कशाला सांगतेस? तेरा हजार किलोमीटर. मी थांबते."

"तू थांबशील गं, ती नळी थांबायला हवी ना."

मी समजावलं, रागावले, हात जोडले. काकूंनी आपल्या परीनं सांगून पाहिलं. काही उपयोग नाही. सर्जन बाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, त्या पूर्ण शुद्धीत आहेत, त्या नाही म्हणत असतील तर मी हात लावू शकत नाही. दुपारपर्यंत त्यांचं मन वळवा.

मी बाहेर येऊन धाकट्याला फोन लावला. आम्ही इंटरनेटवरूनच बोलायचो. सकाळचे दहा वाजत होते, म्हणजे त्याच्याकडे रात्र. पण त्यानं पहिल्याच घंटीला उचलला. मागे ती हीटरची घरघर होतीच. मी एका दमात सगळं सांगितलं. वर म्हटलं, "तू निघालास तरी उद्या उजाडेल, आणि तेवढा वेळ तिच्याकडे नाही. मी तिच्या हातात फोन देते. तिला म्हण, ऑपरेशन करून घे, मी येतोच आहे. तुझंच ऐकेल ती."

तिकडून तेवढी घरघर ऐकू येत होती.

"ऐकतोयस ना?"

"मला बघितल्याशिवाय आत जाणार नाही म्हणाली?"

"तेच म्हणाली. हट्ट माहितीये ना तिचा? घे, बोल तिच्याशी."

"नको," तो म्हणाला. "मी येतो."

"अरे, येतो काय येतो? तू काय गल्लीच्या तोंडाशी उभा आहेस?"

फोन बंद झाला होता. पुन्हा लावला, पुन्हा बंद. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिथेच भिंतीला टेकून मी मोबाइलवर विमानं शोधायला लागले. सगळ्यांत लवकर पोचणारं विमान धरलं, मधे धावत जाऊन दुसरं पकडलं, तरी तो दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आधी या हॉस्पिटलात पाय ठेवू शकत नव्हता. मी चार-चार वेगळ्या वाटा काढून पाहिल्या. माझ्या कामाचा मला त्या दिवशी जेवढा तिटकारा आला, तेवढा कधी आला नव्हता.

दुपार कशी गेली ते माझं मला माहीत. आई डोळे मिटून पडली होती. मधेच डोळे उघडून विचारायची, "आता कुठे असेल?" आणि मी सवयीनं म्हणायची, "समुद्रावर." पूर्वी हे सांगताना मला बरं वाटायचं. आता प्रत्येक वेळी बाबांची भुवई डोळ्यांसमोर येत होती. सर्जन बाई दोनदा येऊन बघून गेल्या आणि दुसऱ्यांदा त्यांनी मला नुसतं घड्याळ दाखवलं. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि तोंडावर ओढणी घेऊन रडले. मला आई हवी होती. एवढं साधं होतं ते.

तीनच्या सुमाराला लिफ्टचं दार उघडलं आणि धाकटा बाहेर आला.

मी धावत जाऊन त्याला मिठीच मारली. "आलास रे, आलास," एवढंच तोंडातून येत होतं. त्याला ओढत मी आईच्या खोलीपाशी आणलं. दारातच सिस्टर म्हणाली, आत मशीन लावलंय, पाच मिनिटं थांबा. मी मान हलवली. देव पावला, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं.

त्याच्या हातात बॅग नव्हती. एक पिशवीसुद्धा नव्हती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि याच्या खांद्यावर तो जाड कोट. खिशातून कानटोपी बाहेर आलेली. कोटाच्या छातीवर एका कोल्ड स्टोरेजचं नाव छापलेलं, खाली गावाचं नाव. ते गाव मला माहीत होतं. मावशीकडे जाताना आमची बस चहाला तिथेच थांबते. रस्त्यानं पाच तास.

दहाला मी फोन केला होता. आता तीन वाजले होते. हे गणित करायला मला काउंटर लागत नव्हतं. मी त्याच्या कोटाची बाही धरली.

"कुठून आलास तू?"

"ताई, आधी आईला भेटू दे."

"मशीन लावलंय. पाच मिनिटं आहेत. कुठून आलास?"

त्यानं एकदा बंद दाराकडे पाहिलं. मग बोलायला लागला ते एकसारखं, पाठ केल्यासारखं. तो तिकडच्या विमानतळावर पोचला होता. तेरा हजार किलोमीटर खरोखरच गेला होता, पण तिथे पासपोर्ट तपासतात त्या खिडकीपाशीच त्याला अडवलं. नोकरी लावून देणाऱ्यानं दिलेलं पत्र खोटं निघालं. पुढच्या विमानात बसवून त्याला परत पाठवलं. अख्खी गल्ली त्याला सोडायला आली होती, तो आत दिसेनासा होईपर्यंत आई हात हलवत होती, आणि तिसऱ्या दिवशी हा आपल्या इथल्या त्याच विमानतळावर परत उतरला.

"घरी कसा येऊ?" तो म्हणाला. "म्हटलं, दोन-तीन महिन्यांत पुन्हा जायचं जमवीन. मग सांगायचं काही राहणारच नाही."

"आणि?"

"आणि जमलं नाही."

अकरा वर्षं. ती वाफ कोल्ड स्टोरेजमधली. ती घरघर गारव्याच्या यंत्राची. भरदुपारी मिक्सर न लावणारी माझी आई. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, ते मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं, आणि त्याच गावात बसमधून उतरून मी दरवर्षी चहा पीत होते.

"आणि तुझं ते विमान? बावीस तास?"

"विमानतळावर बसायचो. बाहेरच्या बाकावर. फोन बंद करून."

"बावीस तास?"

"जागा राहून," तो म्हणाला. "झोप झालेली चेहऱ्यावर दिसते, ताई. आईला लगेच कळलं असतं."

माझ्या भावाचं विमान कधी उशिरा आलं नाही, असं मी जगाला सांगत होते. येणार कसं? ते कधी उडालंच नव्हतं. कुणीतरी थोबाडीत मारावी तशी मी उभी होते. आणि मग मला बाबा आठवले.

"बाबांच्या वेळी?" मी विचारलं. "बाबांच्या वेळी कुठे होतास?"

तो कानटोपी खिशात कोंबायला लागला.

"बोल. मी सकाळी फोन केला होता. दुपारी कुठे होतास?"

"बाकावर."

"कुठल्या बाकावर?"

"इथल्याच, विमानतळावरच्या. म्हटलं, जवळ तरी जाऊन बसू. दोनदा उठलो, ताई. टॅक्सीच्या दारापर्यंत गेलो. पण एवढ्यात कसा आलो म्हणून सांगणार होतो? मला वाटलं बाबा उद्यापर्यंत राहतील."

विमानतळावरून आमचं घर टॅक्सीनं एक तास. बाबा दाराकडे बघत होते, मी त्यांच्या कानात समुद्र सांगत होते, आणि हा एका तासावर बसून वेळ भरत होता. मी त्याच्या थोबाडीत मारली. नुसती मारली नाही, जोरात मारली. सगळे वळून बघायला लागले. तो हलला नाही, गालाला हातसुद्धा लावला नाही.

"मला मरायला झालं होतं तेव्हा," तो म्हणाला. "आज तू म्हणालीस, ती थांबलीय. मग मला बसवेना. मालाच्या गाडीतून आलो. आता तिला काय सांगायचं ते सांगतो. ओरडू दे, हाकलू दे. पण तिला आत जाऊ दे."

सिस्टरनं दार उघडलं.

आई उशीला टेकून बसली होती. त्याला बघितल्यावर तिनं हात पुढे केला आणि तो तिच्या खाटेपाशी खाली बसला, डोकं तिच्या तळव्याखाली घालून. तिनं त्याच्या केसांतून बोटं फिरवली. "किती विरळ झालेत रे," म्हणाली. "तिकडचं पाणी वाईट." त्याचे खांदे हलायला लागले.

कोपऱ्यात काकू बसल्या होत्या. त्यांच्या पोटात काही राहत नाही. "अगं बाई, पण हा एवढ्यात कसा आला?" त्या म्हणाल्या. "तू तर म्हणालीस उद्या सकाळ उजाडेल."

धाकट्यानं डोकं वर काढलं, ओठ उघडले. खरं सांगायलाच निघाला होता, मला दिसत होतं. आणि मला त्या मशीनवरची हिरवी रेघही दिसत होती. आईची नजर माझ्यावर होती. विमानाचं म्हटलं की घरात मलाच विचारतात.

"नवीन विमान निघालंय," मी म्हटलं. आवाज काउंटरवरचा. "थेट येतं. पाच तासांत."

"पाच तासांत? तेरा हजार किलोमीटर?" काकू म्हणाल्या.

"हो. फार वेगानं जातं."

मी आजवर कुणाला विमानाची चुकीची वेळ सांगितलेली नाही. पहिल्यांदा सांगितली ती ही, आणि तीही इतकी ढोबळ की शाळेतलं पोर हसेल. तो कालच निघाला होता, आपल्याला चकित करायचं होतं त्याला, अशी बरी थाप मला जिन्यात सुचली, पण अर्ध्या तासानं. काकूंना मात्र पटलं. "काय एकेक शोध लागतात," म्हणून त्या पदरानं वारा घ्यायला लागल्या.

आईचे ओठ हलत होते. चादरीवर तिची बोटं एकामागून एक टेकत होती. भांडी पुसताना टेकली होती तशीच. ती भागाकार करत होती आणि मी तिला थांबवू शकत नव्हते. मग बोटं थांबली. तिनं त्याच्या खांद्यावरच्या कोटाकडे पाहिलं, छातीवरची अक्षरं वाचली. घाईनं नाही, सावकाश, अगदी गावाच्या नावापर्यंत.

"असं होय," ती म्हणाली.

तिचा हात त्याच्या डोक्यावर तसाच होता. तो तिनं काढला नाही. मग तिनं मला विचारलं, "मग हे विमान तुझ्या बाबांच्या वेळी का नव्हतं गं?"

धाकट्यानं चादरीत तोंड खुपसलं. त्याच्या तोंडून जो आवाज आला, तो ऐकून काकूही वारा घ्यायच्या थांबल्या. आईनं माझ्यावरची नजर काढली नाही. तिला उत्तर हवं होतं आणि ते माझ्याकडूनच हवं होतं.

"तेव्हा निघालं नव्हतं, आई," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. त्याच्या डोक्यावर दोनदा थोपटलं, आणि सिस्टरला म्हणाली, "चला बाई. कुठे न्यायचं ते न्या."

संध्याकाळ उलटून गेल्यावर सर्जन बाई बाहेर आल्या. डोक्यावरची टोपी हातात होती. शिवून झालंय, म्हणाल्या, पण त्या जाग्या होईपर्यंत मी काही बोलणार नाही. आणखी तासभर थांबलो असतो तर काही उरलं नसतं, एवढं मात्र सांगते. मी खाली बसले. धाकटा उभाच राहिला.

माझा राग गेला नव्हता. अजूनही गेलेला नाही. बाबांची ती दुपार मी त्याला माफ केलेली नाही, आणि करीन असं मला वाटत नाही. त्याला तसं सांगितलंय.

सकाळी मी चहा घेऊन वर आले तेव्हा तो बाकावर आडवा झाला होता. अंगावर तो कोट, डोळ्यांवर कानटोपी, पाय बाहेर आलेले. गाढ झोपला होता. बाकावर झोपायची मुभा त्याला एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मिळाली होती.

काचेचं दार उघडून सिस्टर बाहेर आली. "जाग्या झाल्यात," म्हणाली. "मुलगा कुठे आहे, असं विचारतायत."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजत होते. काल मी शोधलेल्या सगळ्या विमानांतलं सगळ्यांत लवकरचं विमान धरलं असतं, तर तो या दारात आत्ता आला असता.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्याचा खांदा हलवला.

"ऊठ," मी म्हटलं. "पोचलास."